थिंकपॅडचं हे वेड नेमकं कशामुळं? लेकीसाठी जुना टी ४८० घ्यावा का?

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय पण वाचा आणि खरं काय वाटतं ते सांगा.

मी जीएसटी रिटर्न भरायचं आणि दुकानदारांचे हिशेब बघायचं काम करतो. माझ्याकडं थिंकपॅड टी ४२० लॅपटॉप आहे, २०११ चं मॉडेल. मेहुणा पुण्यात ज्या कंपनीत होता तिथं जुने लॅपटॉप स्टाफला विकायला काढले, त्यानं दोन घेतले आणि एक मला दिला, ते साल २०१५. तेव्हापासनं आजपर्यंत तोच चालू आहे. मधे रॅम वाढवली, बॅटरी एकदा बदलली, नंतर हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, बास.

२०१९ च्या पुरात आम्ही गावभागात राहायचो. त्या आठवड्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी लागलं तेव्हा सगळं घेऊन निघणं शक्यच नव्हतं, म्हातारी आई, लहान लेक, कागदपत्रांची पिशवी. लॅपटॉप माळ्यावर ठेवला, पण त्याआधी खालचा एक स्क्रू काढून हार्डडिस्क बाहेर ओढली, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून शर्टाच्या आत घातली आणि बोटीत बसलो. चाळीसेक व्यापाऱ्यांचे हिशेब होते त्यात. एक स्क्रू आणि अर्धं मिनिट, तेही मोबाईलच्या उजेडात. पाणी माळ्यापर्यंत गेलं नाही, बारा दिवसांनी घरी येऊन डिस्क परत आत सरकवली आणि मशीन चालू झालं. तेव्हापासनं माझा त्याच्यावर जीव आहे, हे मी उघड सांगतो.

आता प्रश्न. लेक इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरला. पहिलं सेमिस्टर तिनं माझ्या टी ४२० वरच काढलं, पण आता मार्चएंड जवळ आला, मला तो दिवसभर लागणार आणि तिलाही स्वतःचा पाहिजेच. बजेट २५ हजार. इथं एका दुकानात गेलो तर त्या किमतीत नवीन जे दाखवलं त्याला ८ जीबी रॅम, वाढवता येते का विचारलं तर म्हणाले बोर्डालाच चिकटवलेली आहे, वाढत नाही. कीबोर्ड मधे दाबला तर वाकत होता. लेक म्हणते पप्पा मला तुमच्यासारखाच काळा लाल ठिपक्याचा बघा, म्हणजे कीबोर्डाच्या मधे माऊसचं काम करणारा तो ठिपका असतो तसला. पुण्यात जुना टी ४८० मिळतोय, १६ जीबी रॅम, २१ हजार सांगितलेत. सौभाग्यवतीचं म्हणणं असं की पोरीला पहिलाच लॅपटॉप घ्यायचा आणि तोही कुणीतरी वापरून टाकलेला? तिचंही मला पटतं.

म्हणून विचारतो, माझं हे प्रेम पुरामुळं आहे का खरंच त्या मशीनमधे काही आहे? जगभर लोक याच्यामागं वेडे आहेत असं ऐकतो ते कशासाठी? आणि टी ४८० घ्यायचा तर काय काय बघून घ्यायचा?

---

पोवईनाका_रिपेअर (सातारा)

दादा, घ्या टी ४८०, बिनधास्त घ्या, पण बघून घ्या. मी सतरा वर्षं लॅपटॉप उघडतोय, पोवई नाक्याजवळ छोटा गाळा आहे, त्यामुळं जे सांगतो ते हातानं केलेलं सांगतो.

आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांना थिंकपॅड का आवडतो ते आधी ऐका. या लॅपटॉपचं दुरुस्तीचं पुस्तक, हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल म्हणतात त्याला, ते कंपनीच फुकट देते, कुणीही डाउनलोड करा. त्यात कुठला पार्ट आधी काढायचा, कुठला नंतर, कुठला स्क्रू किती लांबीचा, सगळं चित्रासकट आहे. प्रत्येक पार्टचा नंबर असतो, तो नंबर टाकला की तोच पार्ट येतो, कीबोर्ड असो की बिजागरी. तुमच्या टी ४२० च्या पोटावर बघा, कीबोर्डचे स्क्रू कुठले हे दाखवायला शेजारी बारीक चित्र उमटवलेलं आहे. म्हणजे बनवणाऱ्यानं बनवतानाच धरलंय की हे कधीतरी कुणीतरी उघडणार आहे. बाकीचे बरेच लॅपटॉप उघडताना मला क्लिपा तुटतील म्हणून श्वास धरून बसावं लागतं, कीबोर्ड बदलायला अख्खं मशीन रिकामं करावं लागतं कारण तो वरच्या पत्र्याला प्लॅस्टिकच्या रिबिटांनी ठोकलेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं एक बटण तर गेलंय, एवढे पैसे कसले, आणि त्याचंही चुकत नाही.

टी ४८० हे २०१८ चं मॉडेल. त्यात रॅमला दोन स्लॉट आहेत, दोन्ही काढता घालता येतात. एसएसडी बदलते. कीबोर्ड वरनंच निघतो. आणि खरी गंमत बॅटरीची, एक आत आहे २४ वॉटअवरची आणि एक मागनं बाहेरची, ती २४, ४८ किंवा ७२ ची मिळते. आतली चालू असताना बाहेरची काढून दुसरी लावायची, लॅपटॉप बंद होत नाही, फाईल सेव्ह करायचीसुद्धा गरज नाही. जावळीतले एक गुरुजी माझ्याकडं येतात, त्यांच्या गावात पावसाळ्यात लाईट गेली की दोन दोन दिवस येत नाही. त्यांनी बाहेरच्या तीन बॅटऱ्या करून ठेवल्यात, साताऱ्याला आले की गाळ्यात चार्ज करून नेतात, शाळेची सगळी ऑनलाईन माहिती त्यावर भरतात. टी मालिकेत ही सोय टी ४८० ला शेवटची. पुढच्या वर्षीच्या टी ४९० ला बॅटरी फक्त आत आणि अर्धी रॅम बोर्डाला चिकटलेली. म्हणून लोक टी ४८० शोधत फिरतात.

आता बघायचं काय. सगळ्यात आधी बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारं मशीनचं मूळ सेटिंग. चालू करताना एंटर दाबा, मग एफ १. पासवर्ड मागितला तर मशीन परत द्या, कितीही स्वस्त असू दे. कंपन्यांतनं लॉटमधे येणाऱ्या मालाला कधीकधी सुपरवायझर पासवर्ड तसाच राहिलेला असतो आणि तो काढणं म्हणजे बोर्डावरच्या चिपशी खेळणं. विकणारा म्हणेल विंडोज तर चालतंय ना, ऐकू नका.

दुसरं, स्क्रीन. टी ४८० दोन तीन प्रकारच्या स्क्रीननं आलाय, त्यातली १३६६ बाय ७६८ वाली कामाची नाही, बाजूनं बघितली की रंग उडतात. फुल एचडी आयपीएस मागा, ती बाजूनं बघितली तरी रंग टिकतात. एरवी चांगलं मशीन मिळत असेल तर पॅनेल बदलूनही मिळतं, पण मग तेवढे पैसे कमी करून घ्या.

तिसरं, नावाच्या पुढं एस आहे का बघा. टी ४८०एस वेगळा, तो पातळ आहे, त्याला रॅमचा एकच स्लॉट आणि बॅटरी आतच. वाईट नाही, पण तुम्ही ज्यासाठी घेताय ती गोष्ट त्यात नाही, आणि दुकानदार दोन्ही एकाच नावानं खपवतात.

चौथं, चार्जिंग टाईप सीवर आहे, आणि या पिढीतल्या मशीनच्या थंडरबोल्ट पोर्टच्या (टाईप सीचाच जलद प्रकार) फर्मवेअरमधे, म्हणजे पोर्टच्या आतल्या सॉफ्टवेअरमधे दोष होता हे सगळ्यांना माहीत आहे, लेनोवोनं, म्हणजे आता थिंकपॅड बनवणाऱ्या कंपनीनं, त्याचा अपडेट दिलाय. विकत घेतलं की पहिल्या दिवशी तो टाका. घेताना दोन्ही टाईप सी पोर्टवर चार्जर लावून बघा, दोन्हीवर चार्ज झालं पाहिजे. चार्जर ६५ वॉटचा, ढिला चायना माल नको.

बॅटरीचे किती सायकल झाले, म्हणजे ती किती वेळा पूर्ण चार्ज होऊन वापरली गेली, ते व्हँटेज नावाच्या ॲपमधे दिसतं. बिजागऱ्या हलवून बघा. आणि विंडोजचं म्हणाल तर टी ४८० ला आठव्या पिढीचा इंटेल आहे म्हणून विंडोज ११ अधिकृत चालतं. दिसायला अगदी तसाच टी ४७० असतो, हजार दोन हजारांनी स्वस्त, पण तो सहाव्या सातव्या पिढीचा, त्याला ११ अधिकृत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

आणि पुराबद्दल एक. या कीबोर्डाखाली पाणी वाहून जायला नळ्या केलेल्या असतात, वरनं सांडलेला चहा खालच्या भोकातनं बाहेर पडतो, तेवढ्यानं बरीच मशीनं वाचलेली मी बघितलीत. पण पुरात बुडालेलं मशीन वेगळं. २०१९ नंतर सांगली मिरजेकडनं माझ्याकडं पोत्यात भरून लॅपटॉप आले होते, गाळ आतपर्यंत गेला की कुठल्याच कंपनीचं काही चालत नाही. तुम्ही डिस्क काढून नेलीत ते लई बरोबर केलंत.

---

कोयनाकाठ (कऱ्हाड)

दादा तुम्ही विचारलंत हे वेड कशासाठी, तर मी त्यातलाच एक, माझ्या घरात चार आहेत आणि मी रोज एक्स २२० वर लिहितो, तोही थिंकपॅडच. तुमचं प्रेम नुसतं पुरामुळं नाही, हे आधीच सांगतो.

हे मशीन सुरू झालं १९९२ च्या ऑक्टोबरात, आयबीएमचा थिंकपॅड ७०० सी. नाव कुठनं आलं तर आयबीएमचे जुने प्रमुख थॉमस वॉटसन यांचं घोषवाक्य होतं थिंक, म्हणजे विचार करा, आणि कंपनीत माणसांना खिशात मावेल अशी छोटी चामडी वही मिळायची, तिच्यावर तो एकच शब्द असायचा. त्या वहीवरनं लॅपटॉपचं नाव पडलं. आकार दिला रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरनं, तो मिलानमधे राहायचा. त्याच्या डोक्यात जपानी बेंटो होता, जेवणाचा काळा लाखेचा चौकोनी डबा, बाहेरनं काहीच नक्षी नाही, झाकण उघडलं की आत एकेका खणात सगळं नीट मांडलेलं. आणि प्रत्यक्ष इंजिनीअरिंग झालं जपानमधे यामातोच्या प्रयोगशाळेत, अरिमासा नायतो या इंजिनीअरच्या हाताखाली, त्यांना थिंकपॅडचे जनक म्हणतात. म्हणजे अमेरिकेचा पैसा, जर्मन माणसाची नजर, जपानी हात. तेहतीस वर्षं झाली, झाकण उघडलं की आजही तोच डबा दिसतो. दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपबद्दल असं म्हणता येईल सांगा.

१९९५ चा ७०१ सी तर कधी जमलं तर व्हिडिओत बघाच. मशीन लहान आणि कीबोर्ड त्याच्याहून रुंद, मग काय केलं, कीबोर्डाचे दोन तिरके तुकडे केले आणि झाकण उघडताना ते आपोआप बाहेर सरकून एकमेकांत बसायचे, फुलपाखरानं पंख पसरावेत तसे. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्टच्या म्युझियममधे तो ठेवलाय. १९९३ च्या डिसेंबरात हबल दुर्बीण दुरुस्त करायला जे एंडेव्हर यान गेलं त्यातही थिंकपॅड होता, पुढं अंतराळ स्थानकात तर वर्षानुवर्षं हीच मशीनं होती.

२००५ मधे आयबीएमनं हा सगळा धंदा लेनोवोला विकला. तेव्हा जुन्या लोकांना वाटलं संपलं आता. संपलं नाही, पण बदल झाले. तुमच्या टी ४२० चा आणि माझ्या एक्स २२० चा कीबोर्ड सात ओळींचा आहे, वर उजवीकडं होम, एंड, पेजअप, पेजडाऊन सगळी बटणं एकत्र, एफची बटणं चार चारच्या गटात, म्हणजे न बघता बोट बरोबर पडतं. २०१२ ला टी ४३० आणि एक्स २३० आले ते सहा ओळी आणि चपटी सुटी बटणं घेऊन. मी ती बटणं वाईट म्हणणार नाही, पण जुन्या कीबोर्डाला जो खोल दाब आहे तो ज्याच्या बोटाला लागला त्याला दुसरं गोड लागत नाही. माणसं एक्स २३० घेऊन त्यात एक्स २२० चा कीबोर्ड बसवतात, त्यासाठी आतलं सॉफ्टवेअर बदलून घेतात, मीसुद्धा दोन रात्री जागून ते केलंय.

२०१३ ला तर टी ४४० वर लाल ठिपक्याची तिन्ही बटणंच काढून टाकली, सगळं टचपॅडमधे घातलं. लोक इतके नाराज झाले, इतकं लिहिलं, की टी ४५० ला २०१५ मधे ती बटणं परत आणली. आणि २०१७ ला पंचवीस वर्षं झाली म्हणून एक खास मॉडेल काढलं, नवीन प्रोसेसर आणि सात ओळींचा जुना कीबोर्ड. वापरणाऱ्यांनी हट्ट धरला आणि कंपनीला ऐकावं लागलं, मला यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं. आम्ही या मशीनबद्दल आपल्या वस्तूसारखं भांडतो, कारण ती उघडून आत बघितलेली असते.

तुमच्या टी ४२० ला विकू नका हो. मार्चएंड झाला की त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाका. लेकीचा अभ्यासही होईल.

---

हळदीची_पेढी (मार्केट यार्ड, सांगली)

दादा मी तुमच्या गावचीच. सासऱ्यांची अडत आहे, हळद आणि थोडा बेदाणा, शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या करायचं काम लग्न झाल्यापासनं माझ्याकडं. वरच्यांनी इतिहास सांगितला, मी फक्त लाल ठिपक्याचं सांगते कारण त्यावर माझं पोट आहे असं म्हटलं तरी चालेल.

सौद्याच्या दिवसांत पेढीवर हवेत हळद असते. वहीवर, चहाच्या कपावर, साडीवर, सगळीकडं. बोटं कायम कोरडी पिवळी. आधी जो लॅपटॉप होता त्याचं टचपॅड दुपारी बारानंतर माझं ऐकायचंच नाही, बोट फिरवलं की बाण एक तर हलायचा नाही नाहीतर भलतीकडं पळायचा, माऊस ठेवायला टेबलावर जागा नाही कारण पावतीपुस्तकं आणि नमुन्याच्या पुड्या. मग दिरांनी टी ४३० आणून दिला. त्याचा लाल ठिपका बोट सरकवल्यानं चालत नाही, बोटाच्या दाबानं चालतो, खाली दाब ओळखणारा भाग आहे, त्यामुळं बोटाला हळद असू दे, पाणी असू दे, हातमोजा असू दे, त्याला फरक पडत नाही. जी, एच आणि बी च्या मधे आहे तो, म्हणजे टाईप करताना हात उचलायचाच नाही. शेतकऱ्याचं नाव, वजन, दर, हमाली, तोलाई, पट्टी तयार. समोर गडी उभा असतो, त्याला गावाकडची गाडी पकडायची असते, दर पट्टीला चार सेकंद वाचले तरी संध्याकाळी फरक कळतो.

अजून एक, झाकणाच्या वरच्या पट्टीत बारका दिवा आहे, कीबोर्डावर उजेड पाडायला. लाईट गेली की मी त्या दिव्यात हातानं लिहिलेल्या वजनाच्या चिठ्ठ्या वाचते. नवीन मॉडेलला तो दिवा काढून टाकला, बटणांच्या खालनंच उजेड येतो आता, पण खालच्या उजेडात चिठ्ठी कशी वाचायची सांगा. हा दिवा परत आणला तर मी नवीन घेईन.

तुमच्या लेकीला सांगा, ठिपक्यावर जोर लावायचा नाही, बोट नुसतं टेकवायचं आणि जिकडं जायचं तिकडं कलवायचं. मधलं बटण दाबून धरून ठिपका खाली कलवला की पान सरकतं. कधी बाण आपोआप वाहायला लागला तर घाबरायचं नाही, बोट उचलून दोन तीन सेकंद थांबायचं, तो परत जागेवर येतो. आठ दिवस जड जातं, नंतर हात आपोआप तिकडं जातो, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बसले तरी माझं बोट तिथं ठिपका शोधतं. वरची रबरी टोपी गुळगुळीत झाली की बदलायची, मी वर्षाला एक लावते.

आणि वहिनींना सांगा, वापरलेलं म्हणजे टाकलेलं नव्हे. आमच्या पेढीचा तराजू सासऱ्यांच्या वडलांचा आहे.

---

मेकॅनिकल_फायनलइयर

काका, मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. मी दोन वर्षं टी ४८० वापरला आणि गेल्या वर्षी बदलला. वर ज्यांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण तो २०१८ चा आहे हेही खरं आहे. चार कोरचा प्रोसेसर, ग्राफिक्स साधं, थ्रीडी मॉडेलिंग करताना मोठी असेंब्ली उघडली की फॅन सुरू होतो आणि मशीन अडखळतं. कॅमेरा ७२० चा, अंधारा. स्पीकर खालच्या बाजूला, मांडीवर घेतला की आवाज दबतो. मोठी बॅटरी लावली की वजन दोन किलोच्या आसपास जातं आणि कॉलेजला रोज सॅकमधे नेताना ते जाणवतं. त्याच्या स्क्रीनवर दिवसभर काम केल्यावर नवीन चांगली स्क्रीन बघितली की फरक लगेच कळतो.

ताई कॉम्प्युटरला आहे म्हणून ठीक आहे, सी, पायथन, जावा, वेब, डेटाबेस, एखादं व्हर्च्युअल मशीन, याला १६ जीबी असेल तर तो पुरून उरेल. पण तिला पुढं मशीन लर्निंग घरच्या मशीनवर करायचं असेल किंवा गेमिंग पाहिजे असेल तर हा नाही. आणि वॉरंटी नसते, जे काय महिना दोन महिने दुकानदार देईल तेवढंच, ते लिहून घ्या.

---

पोवईनाका_रिपेअर

फायनल इयरवाल्याचं एकही वाक्य चुकीचं नाही. मेकॅनिकल सिव्हिलच्या पोरांना मी स्वतः टी ४८० देत नाही. फक्त वजनाचं एक, कॉलेजला जाताना छोटी बॅटरी लावायची आणि मोठी घरी ठेवायची, दोन असल्याचा तोच फायदा.

---

विश्रामबागकर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. आधी सगळ्यांचे मनापासून आभार, आणि ताईंचा तराजूचा निरोप मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला, त्यानंतर विषयच मिटला.

गेल्या रविवारी लेकीला घेऊन पुण्याला गेलो. येताना जाताना गाडीत तिनं तुमची सगळी उत्तरं दोनदा वाचली आणि वहीच्या मागच्या पानावर काय काय बघायचं ते उतरवून घेतलं. २१ हजारवाला आधी बघितला. चकाचक, एकही ओरखडा नाही. तिनं चालू करताना एंटर दाबलं, एफ १ दाबलं, आणि पासवर्डची चौकट आली. विकणारा म्हणाला त्यानं काय फरक पडत नाही मॅडम, विंडोज बघा कसं पळतंय. मी खरं सांगतो, मी एकटा असतो तर त्या चकाकीला भुललो असतो. तिनं झाकण मिटलं आणि म्हणाली पप्पा चला.

दुसऱ्या ठिकाणी पाच मशीनं मांडून ठेवली होती. त्यातली दोन टी ४८०एस निघाली, एक १३६६ वाली. उरलेल्या दोनातला एक घेतला, फुल एचडी आयपीएस, आय ५, रॅम ८ जीबीच पण दुसरा स्लॉट मोकळा, २५६ ची एसएसडी, बाहेरची बॅटरी ४८ ची आणि तिचे सायकल दोनशेच्या आत. झाकणावर कंपनीचा स्टिकर काढल्याचा चौकोनी डाग आहे आणि डाव्या कोपऱ्यावर थोडा रंग गेलाय. दोन्ही टाईप सी वर चार्ज होतो. साडेअठरा हजार, दोन महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून घेतली. येताना तिथंच ८ जीबीची अजून एक रॅम घेतली.

घरी आल्यावर रात्री जेवणं झाली आणि ती मॅन्युअल डाउनलोड करून बसली. मला म्हणाली तुम्ही फक्त टॉर्च धरा, उजेड पाडा, हात लावू नका. आधी बायोसमधे जाऊन आतली बॅटरी बंद केली, असं करायचं असतं हे मलासुद्धा माहीत नव्हतं, मग बाहेरची बॅटरी काढली, खालचे स्क्रू ढिले केले, ते पूर्ण निघत नाहीत, झाकणातच अडकून राहतात, त्यामुळं हरवायचा प्रश्न नाही. कडेच्या क्लिपा सोडवताना जो आवाज येतो त्यानं माझ्या पोटात गोळा आला होता पण ती थांबली नाही. रॅम तिरकी घातली, खाली दाबली, टक्क झालं. झाकण लावलं, चालू केलं, १६ जीबी दिसली. तिची आई मागं उभी राहून बघत होती, तिनं एवढंच विचारलं की हे तू शिकलीस कधी. मग फर्मवेअरचा अपडेट टाकला आणि झोपायला साडेबारा वाजले.

डावीकडचं एफएनचं बटण कंट्रोलच्या जागी असल्यानं सुरुवातीला तिचा कॉपी पेस्ट चुकत होता, पण बायोसमधे दोन्हींची अदलाबदल करता येते, ते तिनंच शोधलं. लिनक्सही सोबत टाकलंय. कोयनाकाठ साहेब, माझा टी ४२० विकत नाही, निश्चिंत राहा, आत्ता त्याच्यावरच लिहितोय.

एकच राहिलं. तिच्या मशीनच्या ठिपक्याची टोपी अगदी गुळगुळीत झालीय, बोट घसरतं. माझ्याकडं टी ४२० च्या दोन नव्या आहेत ड्रॉवरमधे, त्यातली लावली तर चालेल का? का सांगलीत कुठं मिळते?

---

पोवईनाका_रिपेअर

तुमच्या ड्रॉवरमधली लावू नका दादा. टी ४२० ची टोपी उंच असते, टी ४८० ला बुटकी लागते, उंच बसवली तर झाकण मिटताना स्क्रीनला लागते आणि तिथं ठिपक्याएवढा डाग पडतो, असे दोन पॅनेल मी बदललेत. माझ्या डबीत बुटक्या टोप्या आहेत. गुरुवारी कामानं मिरजेला येतोय, हळदीच्या पेढीवर तीन ठेवून जातो, एक तुमच्या लेकीला आणि दोन ताईंच्या ओळखीत कुणाला लागल्या तर.

---

हळदीची_पेढी

या की दादा, चहा घेऊनच जा. आणि जमलं तर माझ्यासाठी एक उंचवाली आणा, टी ४३० ची. नव्या हळदीचे सौदे सुरू व्हायच्या आत लावून घेते.